हिरासिंग कंडक्टरचे हवाई टप्पे

हिरासिंग राठोडानं उभ्या जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता. विमानतळ म्हणाल तर तोही एकदाच पाहिलेला, पोराला पोचवायला गेला तेव्हा, तेही काचेच्या अलीकडून. पण डोंगरकड्याजवळच्या त्यांच्या तांड्यात कुणी नुसतं 'हैदराबाद' म्हणायचा अवकाश, की हा गृहस्थ खिशातून मोबाईल काढायचा, चष्मा नाकावर ओढायचा आणि सुरू व्हायचा. "शिकागो ते हैदराबाद, तेरा हजार किलोमीटरच्या वर. सरळ उडालं तर सोळा तास. मधी उतरत असंल तर जादा." विचारलं होतं कुणी? समोरचा बिचारा हैदराबादेत केळीला काय भाव चाललाय ते विचारायला आलेला असायचा.

त्याची बायको जनकाबाई अंगणात हळद पाखडत हे सगळं ऐकायची आणि नाक मुरडायची. "उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले व्हते," ती म्हणायची, "हा बाजेवरून विमानं हाकून राहिला."

हिरासिंगचा जन्म एसटीत गेला. वसमतच्या आगारात कंडक्टर. आपल्या गाडीवर लोक घड्याळं लावायचे, असं तो सांगतो. लोकांना विचारायला काही कुणी गेलेलं नाही. निवृत्त झाला तेव्हा सत्काराची शाल घेऊन घरी आला, ती शाल खुंटीला अडकवली, आणि दुसऱ्या दिवसापासून या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न जनकाबाईच्या डोक्यावर येऊन बसला. जेवायला वाढलं तरी "चला, पुढं सरका" म्हणायचा. म्हशी दारातून आत घ्यायच्या तर एकेक मोजून घ्यायचा, त्याही तीनच. जनकाबाईनं हात टेकले होते.

आणि मग त्याला विमानाचा नाद लागला.

पोरगा संतोष शिकला, इंजिनीअर झाला, हैदराबादेत नोकरीला लागला, तिथल्याच एका मोठ्या घरच्या ऐश्वर्याशी लग्न करून शिकागोला गेला. तांड्यातून अमेरिकेला गेलेला पहिलाच. तोवर ठीक होतं. पोरगा गेला, बाप हळहळला, रीतच आहे. पण एक दिवस कुणी तरी हिरासिंगच्या मोबाईलमध्ये ते विमानं दाखवणारं ॲप टाकून दिलं. ज्यानं टाकलं त्याचं कधी भलं होऊ नये, असं जनकाबाईचं आजही मत आहे. नकाशावर पिवळी पिवळी विमानं सरकतात, त्यावर बोट ठेवलं की कुठून निघालं, कुठं चाललं, किती राहिलं, सगळं दिसतं. झालं. हिरासिंगला पुन्हा आगार सापडलं. सकाळी तोंड धुवायच्या आधी विमानं, रात्री पाठ टेकायच्या आधी विमानं.

कळत तर काही नव्हतंच. विमान शिकागोहून निघालं की आधी वर उत्तरेकडं जातं आणि मग कमानीसारखं खाली वळतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भडकलाच. "ड्रायवर बदमाश हाय. सरळ रस्ता सोडून वरून नेऊन राहिला. फुकटचे किलोमीटर वाढवून राहिला." आठ दिवस तो त्या ड्रायव्हरला शिव्या देत होता. पुढं संतोषनं फोनवर समजावलं, की बापू, पृथ्वी गोल आहे, म्हणून तोच रस्ता जवळचा पडतो. झालं, दुसऱ्या दिवसापासून हिरासिंग पारावर बसून पृथ्वी गोल असल्याचं तांड्याला सांगू लागला, जणू यानंच ती वळून गोल केली होती.

मधे विमान दोह्याला थांबतं, हे कळल्यावर त्याला फार बरं वाटलं. "दोह्याला चहापाणी. तीन तास."

"तीन तास चहाला?" जनकाबाई म्हणाली. "म्हैस धुऊन, पिळून दूध आणतेत का काय?"

"विमानतळ मोठं ऱ्हातं ते. तुला न्हाई कळायचं."

"मला कळून करायचं काय. काखेत कळसा आन् गावाला वळसा. पोरगं फोनात दिसते, तुमी विमान बघत बसा."

पोरगं फोनात दिसायचं, हे खरं. पण लग्नानंतर ते तांड्यात काही आलं नव्हतं. आईला दर वेळी तेच. याडी, लांब पडतं. याडी, एवढ्या लांबून दोन दिवसांसाठी यायला परवडत नाही. आणि हिरासिंग मान डोलवून साक्ष काढायला तयार. "तेरा हजार किलोमीटर हाय जनका. खेळ न्हाई." पोराची बाजू घ्यायला त्याला नुसतं अंतर पुरत होतं.

मागच्या दिवाळीच्या आगंमागं संतोषला मुलगा झाला आणि जनकाबाईचा जीव एका गोष्टीत अडकला. धुंड.

तांड्यात मुलगा जन्मला की पहिल्या होळीला त्याची धुंड होते. दारात खुंटे रोवतात, लापशीनं भरलेलं पातेलं त्या खुंट्यांना दोरांनी जखडून ठेवतात. गेरिये, म्हणजे नाचणारे बाप्ये, ते पळवायला येतात आणि बाया हातात काठ्या घेऊन त्यांना झोडपतात. आणि मुख्य म्हणजे त्या लेकराला मांडीवर घेऊन बसतात, त्याच्या डोक्यावर आडवी काठी धरतात आणि सगळा तांडा त्या काठीवर काठ्या वाजवत त्याला आशीर्वाद देतो. त्या दिवसापासून ते लेकरू तांड्याचं. त्याआधी ते फक्त आईबापाचं.

जनकाबाईनं दुसऱ्यांच्या दारात गेरिये झोडपण्यात उमर घातली होती. तिच्या काठीला सगळा तांडा भ्यायचा. पण तिच्या स्वतःच्या दारात खुंटे रोवले गेले होते ते संतोषच्या वेळी. त्यानंतर नाही. नातवाला तिनं पाहिलं होतं ते मोबाईलच्या काचेत, वीतभर. तिला बाकी काही नको होतं. ते लेकरू एकदा मांडीवर घ्यायचं आणि त्याच्या डोक्यावर तांड्याच्या काठ्या वाजलेल्या ऐकायच्या. "अमेरिकेत कुणाचं व्हायचं ते होऊ दे," ती म्हणायची, "आधी आमचं तर होऊ दे."

तिनं संतोषला फोनवर तेवढंच सांगितलं. आणि काय आश्चर्य, तो हो म्हणाला. तिकिटांचा फोटोही पाठवला. बाकीचं गाव संध्याकाळी होळी पेटवतं, तांड्याची होळी दुसऱ्या दिवशी पहाटे पेटते, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याच पहाटे उतरणारं विमान त्यानं धरलं होतं.

मग काय विचारता. हिरासिंगच्या अंगात वारं भरलं. तिकिटाचा फोटो बोटांनी मोठा करून करून त्यानं अख्ख्या तांड्याला दाखवला. ज्यांना वाचता येत होतं त्यांना दाखवला, ज्यांना येत नव्हतं त्यांना वाचून दाखवला. विमानाचा नंबर तर पोराटोरांच्याही तोंडी झाला. तांड्याचे प्रमुख, नाईक नरसिंग, यांच्याकडं जाऊन त्यानं धुंडीची वेळही मागून घेतली.

"नाईक, पहाटं चाक टेकणार. बाहेर पडायला, सामान घ्यायला दीड तास. मोटार सांगून ठेवली त्यानं. निजामाबाद, नांदेड, अर्धापूर आन् आपला फाटा. दुपारी लेकरू तांड्यात."

"अन् उशीर झाला तं?" नरसिंग नाईकांनी विचारलं.

"माझ्या गाडीला उशीर होत नसते."

जनकाबाई बाजूलाच होती. 'माझ्या गाडीला' म्हणे. बोलाचीच कढी. पण त्या दिवशी ती काही बोलली नाही. शिजवून अंगणात वाळत घातलेली सगळी हळद तिनं एकटीनं गोळा करून आत ओढली, अंगण सारवलं, दोर नवे आणले. काठी मात्र जुनीच घेतली, ती हातात बसलेली होती.

होळीच्या पहाटे सगळा तांडा एका जागी जमला. नाईकांनी अग्नी दिला, जाळ उठला, लेंगीची गाणी सुरू झाली. सगळ्यांची तोंडं होळीकडं आणि या एकट्याचं मोबाईलकडं. चार वेळा रेंज गेली, चार वेळा तो दगडावर चढला. आणि एकदम ओरडला, "टेकलं! टेकलं हैदराबादेत!"

तांड्यानं हलगी अशी बडवली की डोंगरकड्यात ऐकू गेली असेल. गाणाऱ्यांनी तिथल्या तिथं विमान गाण्यात घातलं, नातवाला घातलं, कंडक्टरलाही घातलं. जनकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते नवऱ्याला दाखवील तर ती जनकाबाई कसली. "एवढं वरडायला," ती म्हणाली, "तुमी चालवून राहिले होते का?"

पुढची सकाळ म्हणजे एक तमाशाच. संतोषचा फोन लागत नव्हता. "नवं कार्ड घालत असंल," हिरासिंग म्हणाला. आणि फोन लागत नाही म्हटल्यावर यानं मनातल्या मनात मोटार चालवायला घेतली. ओट्यावर बसून घड्याळाकडं बघायचा आणि टप्पे पुकारायचा. "आता कामारेड्डी." थोड्या वेळानं, "निजामाबाद आलं." बाया पातेलं दोरांनी जखडत होत्या, हा "नांदेड, नांदेड" करत होता. "अर्धापूर सोडलं," असं त्यानं म्हटलं तेव्हा दोन पोरं खरंच फाट्याकडं पळाली. गेरिये काठ्या घेऊन दारात येऊन बसले. नाईक आले. लापशीवर माश्या बसू नयेत म्हणून जनकाबाई पदरानं वारा घालत होती.

हिरासिंगचा फाटा आला. हिरासिंगचा तांडा आला. मोटार आली नाही.

उन्हं कलली तेव्हा फोन वाजला. बसमध्ये जन्म गेलेल्या माणसाला हळू बोलणं आणि हळू ऐकणं माहीतच नसतं, त्यामुळं फोन नेहमीप्रमाणं स्पीकरवर होता. सगळ्या तांड्यानं ऐकलं.

"बापू, आमी दोह्यातच अडकून बसलो. विमान लेट हाय, अजून सुटलंच न्हाई. लेकरू बी किरकिर करून राहिलं. आता कवा सुटंल काय ठावूक. तवर धुंड तर होऊन गेली आसंल. पुढच्या होळीला बघू. याडीला सांगा."

मग केळीवाला प्रेमदास म्हणाला, "अन् सकाळी टेकलं ते काय व्हतं?"

हिरासिंगनं फोनकडं पाहिलं. मग कुणाकडंच न पाहता म्हणाला, "व्हय बाबा, लेट दिसून राहिलं. माझंच चुकलं. सकाळी मी दुसरंच विमान बघत व्हतो. नंबरात घोळ झाला."

फोन बंद झाला आणि तांडा हसायला लागला. होळीचा दिवस, वरून मोहाची उतरलेली नाही, आणि वर्षभर ज्यानं सगळ्यांना सोळा तास आणि तेरा हजार किलोमीटर ऐकवले तो असा हातात सापडलेला. सोडतंय कोण. "कंडक्टर, दुसऱ्याच गाडीला घंटी मारली की." "आवो, पृथ्वी गोल हाय ना, गेलं आसंल फिरून शिकागोला." "तांडा बसवला उपाशी अन् म्हणे माझ्या गाडीला उशीर होत नसते." नाईकसुद्धा तोंडावर धोतराचा सोगा धरून हसले. आणि हिरासिंगही हसला. खालच्या मानेनं, पण हसला.

या दिवसाची जनकाबाईनं किती वाट पाहिली होती. हा माणूस एकदा तरी तोंडावर पडावा, एकदा तरी त्यानं 'माझं चुकलं' म्हणावं, यासाठी ती नवस बोलायची बाकी होती. पण ती हसली नाही. कारण तो नंबर चुकणं शक्य नव्हतं. तो नंबर हा माणूस झोपेत बडबडत होता. म्हशींना पाणी पाजताना म्हणत होता. स्वतःचं नाव चुकेल, तो नंबर नाही.

ती आत गेली. तो पाणी प्यायच्या निमित्तानं मागून आला.

"नंबर चुकला म्हणे," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमचा."

तांब्या तसाच हातात.

"खोटं बोलायचं तर जरा अडखळून तरी बोलावं माणसानं. तुमी तर तिकीट फाडल्यासारखं फाडकन दिलं. काहून?"

"मंग काय करू? तांड्यासमोर पोरगं खोटं पडलं असतं."

"पडू द्यायचं. त्यानं नको का पडायला? तुमी काहून पडले?"

हिरासिंग हळदीच्या पोत्यावर बसला. बाहेर कुणी तरी त्याची नक्कल करत "चला, शिकागो शिकागो" ओरडत होतं आणि पोरं खिदळत होती. जनकाबाई नवऱ्याच्या तोंडाकडं पाहत राहिली, आणि तिच्या मनात जे आलं ते विचारायची तिला भीती वाटली. पण विचारल्याशिवाय राहणारी ती नव्हती.

"याच्या आधी किती खेपा?"

"काय किती खेपा?"

"मला येडी समजू नका. किती खेपा आला?"

मग तो म्हणाला, "दोन. एकदा हापिसच्या कामाला हैदराबादेत आला व्हता. एकदा मेव्हण्याच्या लग्नाला. व्याहीणबाईनं फोटू टाकले व्हते मोबाईलवर, त्यात दिसला. त्यानं मला सांगतलं न्हाई. मी बी तुला सांगतलं न्हाई."

"अन् म्हणून हे विमानं बघणं?"

"आला तर कळावं म्हणून," हिरासिंग म्हणाला. "आपण थोडंच इचारणार हाव त्याला. नुसतं कळावं, की आलाय."

दुसरी एखादी असती तर रडली असती, नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. जनकाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. पोराची तर आलीच, या माणसाचीही आली. वर्षानुवर्षं हिनं भाकरी थापता थापता मनाशी समजूत घातली, की लांब आहे, लेकरू करणार काय, मधे समुद्र आहे. आणि हा शेजारी बसून ती समजूत किलोमीटरवर मोजून देत होता.

"अन् मला तेरा हजार सांगत राहिले तुमी."

"ते तर हायेच ना तेवढं. ते काही खोटं न्हाई."

"शिकागोहून हाय. हैदराबादेहून किती हाय?"

जगातलं कुठलंही अंतर विचारा, या माणसाकडं उत्तर तयार असायचं. त्या रस्त्याचा तर टप्पा न टप्पा त्यानं सकाळपासून तोंडानं पुकारला होता. पण तो तांब्याकडं बघत बसून राहिला.

"सून भेत आसंल," तो पुटपुटला. "काठ्याबिठ्या, धूळ. एवढंसं लेकरू."

"सुनेवर ढकलू नका. ती कुणाच्या तांड्यात वाढली न्हाई. माझं पोरगं वाढलं. त्याच्या डोक्यावर वाजल्या व्हत्या काठ्या, मेला न्हाई तो."

ती उठली, पदर खोचला आणि बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिली. प्रेमदास अजून कंडक्टर झाला होता आणि गेरिये हसून हसून एकमेकांवर पडत होते. तिला पाहून थोडे गप्प झाले. या बाईच्या हातात काठी नसली तरी तिचा भरवसा नसतो.

"संतोषच्या बापाचा नंबर चुकला न्हाई," ती म्हणाली. "विमान पहाटंच आलंय. बराबर टायमावर आलंय. माझं पोरगं हैदराबादेत हाय, सासऱ्याच्या घरी. दोह्यात बिह्यात कुणी अडकलं न्हाई. आता हसायचं तर मला हसा, मी जन्म दिला त्याला."

कुणी हसलं नाही. प्रेमदासानं उगाच गमछा झटकला. नरसिंग नाईक पुढं आले, म्हणाले, "बाई, जाऊ दे. पुढच्या होळीला पुन्हा खुंटे रोवू. वाट पाहू."

"पुढच्या होळीला ज्याच्या दारात लेकरू आसंल त्याच्या दारात मी काठी घेऊन येईन, नाईक. माझ्या दारात नका रोवू." तिनं खाली वाकून पातेल्याचा पहिला दोर स्वतःच सोडायला घेतला. गाठ तिनंच मारलेली, घट्ट, सुटता सुटेना. "बसा सगळे. लापशी वाया न्हाई घालवायची. आज मारामारी न्हाई, तशीच वाढते."

गेरिये मुकाट्यानं रांगेनं बसले. ती वाढत होती तेवढ्यात आत फोन वाजला. हिरासिंग तो हातात घेऊन दारात आला. काचेवर संतोषचा फोटो, वाजतोय, हसतोय. हिरासिंगनं तो तिच्यापुढं धरला.

"याडीशी बोलायचं म्हणंल तो," तो म्हणाला. "काय सांगू?"

जनकाबाईनं वर पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या पत्रावळीवर लापशी घातली. "सांगा, याडी विमानात हाय," ती म्हणाली. "अजून उतरली न्हाई."

मग हिरासिंगनं स्पीकर लावला, तांडा ऐकत असताना, आणि जन्मभर गाडीत पुकारायचा त्या आवाजात शब्दही न बदलता पोराला तेवढंच सांगितलं. पलीकडून संतोष "काय? बापू, काय म्हणता?" करत होता. हिरासिंगनं फोन बंद करून खिशात टाकला आणि रांगेच्या शेवटी, गेरियांच्या शेजारी, मांडी घालून बसला. जनकाबाईनं त्याच्यापुढं पत्रावळ टाकली.